साक्षीदाराची सही

कुंपणापलीकडून ओफेलियानं हाक मारली तेव्हा मी टोमॅटोच्या झाडांना काठ्या बांधत होतो. तोंडावर फडकं आणि बोलण्याची घाई, त्यामुळे ती काय मागतेय ते कळायला मला जरा वेळच लागला. "नॉर्बर्ट, पाच मिनिटं आहेत का? मला एक साक्षीदार पाहिजे." मी म्हटलं, "कोणाचा खून केलास?" ती हसली आणि तिनं हातातलं पांढरं पाकीट उंच धरून हलवलं. ऑगस्टच्या निवडणुकीची टपाली मतपत्रिका होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा तिकडे टेक्ससला, घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा ती शेजाऱ्याकडे येणार हे सरळच होतं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये टपालानं मत द्यायचं तर एका सज्ञान माणसानं समोर बसून बघावं लागतं, की कागद कोरा होता, याच बाईनं भरला आणि याच बाईनं पाकिटात घातला. मग पाकिटावर सही करून खाली आपला पत्ता लिहायचा. मत कोणाला दिलं ते मात्र बघायचं नाही. ही सही नसेल तर मत मोजत नाहीत. एवढीशी गोष्ट. माझ्या हातात सुतळी तशीच राहिली. "हात धुऊन येतो," मी म्हणालो आणि घरात गेलो.

स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिलो. हात स्वच्छ झाले तरी पाणी वाहत होतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपल्याच सिंकपाशी लपतो, हे कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. फिलिस नक्की हसली असती. ती म्हणायची, नॉर्ब, तू ओतकाम कारखान्यात चौतीस वर्षं तापलेल्या लोखंडाशेजारी उभा राहिलास, पण घरात कोणी आवाज चढवला की तू तळघरात पळतोस. खरं होतं. तळघरात माझं सुतारकामाचं टेबल आहे, रेडिओ आहे, आणि रेडिओवर माझ्यासारखं बोलणारी माणसं आहेत. वरच्या मजल्यावर तिचा टीव्ही, त्यावर तिच्यासारखं बोलणारी. आमच्या घरात दोन पक्ष आणि एकच फ्रीज, असं मी पाहुण्यांना सांगायचो आणि पाहुणे हसायचे. कारखाना मेक्सिकोला गेला तेव्हा मी युनियन सोडली, डेमोक्रॅट सोडले आणि दुसऱ्या बाजूला गेलो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना दूध आणि सूप वाढत राहिली आणि जिथं होती तिथंच राहिली. तिची धाकटी बहीण विम्याशिवाय गेली, गाठ दिसत असताना दोन वर्षं डॉक्टरकडे न जाता गेली, आणि त्यानंतर या विषयावर फिलिसशी वाद घालण्यात अर्थ उरला नाही. मी तरीही घालत होतो.

आणि मतदानाला मात्र आम्ही नेहमी जोडीनं जायचो. "चल, खोडायला जाऊ," मी म्हणायचो. मी हिचं मत खोडणार, ही माझं. मग दोघं मिळून कस्टर्डच्या दुकानात जायचो, मी कॅरामल, ती अक्रोडाचं, आणि दोघांनी देशाचं काहीही भलं-बुरं केलेलं नाही या समाधानात घरी यायचो. एकोणपन्नास वर्षं जोडीनं, त्यातली शेवटची वीस एकमेकांना खोडत. प्राथमिक निवडणुकीत खरं तर खोडता येत नाही, कारण तिथं ज्यानं त्यानं आपापल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचा असतो. पण यंदा त्याच कागदावर आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा होती आणि त्या जागेसाठी दोन्ही बाजू दात-ओठ खात होत्या, तेव्हा खोडायला भरपूर होतं. मार्चमध्ये आजार आला. शाळा बंद झाल्या, चर्च बंद झालं, शुक्रवारचे मासे तळणारी खानावळसुद्धा बंद झाली. मला वाटलं, हे सगळं जरा वाढवून सांगतायत. वाटलं म्हणजे, मी तसं म्हणत होतो. आतून काय वाटत होतं ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

तिनं मतपत्रिका टपालानं मागवली होती. चोवीस मार्चला आली. मी कॉफी पीत होतो, ती समोर बसली, चष्मा पुसला, कागद उलगडला. म्हणाली, "नॉर्ब, मी हे भरते, तू नुसता बस. मग इथं सही कर."

"मी नाही करणार."

"का?"

"टपाली मतात घोटाळे असतात."

"माझ्या मतात घोटाळा? तुझ्या नाकासमोर बसून भरणार आहे मी. घोटाळा करायचा तर तुलाच सामील करून घ्यावं लागेल, आणि तुझ्या पोटात तर काही राहत नाही."

मला हसू येत होतं. ते मी दाबलं. का दाबलं? आदल्या संध्याकाळी डेनीसचा, आमच्या मुलीचा, मिनियापोलिसहून फोन आला होता आणि दोघी मायलेकी अर्धा तास माझ्या राष्ट्राध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होत्या, मी खोलीत असताना, जणू मी तिथं नाहीच. ते माझ्या डोक्यात होतं. म्हणालो, "ज्याला मत द्यायचंय त्यानं आपल्या पायांनी जावं. दूध आणायला जातेस ना दुकानात?"

"दुकानात तीन तास रांग नसते."

"आजार तुमच्या वाहिन्यांवर जास्त आहे, रस्त्यावर कमी. आणि कोणासाठी चाललंय हे सगळं? त्या ओरडणाऱ्या म्हाताऱ्या सिनेटरसाठी? तुमच्याच पक्षानं त्याला कधीच बाजूला सारलंय. दुसऱ्या म्हाताऱ्याची वरात केव्हाच निघाली."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी वस्तू नेहमीच्या जागी सापडली नाही की माणूस जसं बघतो, तसं. "म्हणजे करणार नाहीस."

"नाही."

"बरं," ती म्हणाली, पेनाला टोपण लावलं, कागद घडीवर घडी करून पाकिटात घातला आणि सवलतीच्या कुपनांच्या खणात ठेवून दिला. मग तिनं माझा रिकामा कप उचलून धुतला.

मला वाटलं, पुन्हा विचारेल. हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सही करणार होतो. थोडी कुरकुर केली असती, एखादा टोमणा मारला असता, आणि केली असती. फिलिस नेहमी दोनदा विचारायची. छपराची पन्हळ साफ कर हे दोनदा, डॉक्टरकडे जा हे दोनदा. पहिला नकार हा आमच्या घरात नकार धरलाच जात नसे. मी त्या भरवशावर होतो. दोन दिवस गेले, चार गेले. मी मुद्दाम टेबलावर माझ्या कपाशेजारी पेन ठेवू लागलो. रविवारी तर मीच म्हणालो, "त्या कागदाचं काय केलंस?" मला वाटलं, दार उघडून दिलं, आता ही आत येईल. ती बटाटे सोलत होती. "कुठल्या कागदाचं?" म्हणाली. ओफेलियाकडे गेली असती तर तिनं एका मिनिटात सही केली असती. पण घरात नवरा असताना सहीसाठी शेजारणीच्या दारात जायचं, आणि तिनं 'नॉर्बर्ट कुठाय' विचारलं तर काय सांगायचं? फिलिसला ते जमणारं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. माझ्याइतकं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग तो आठवडा आला. टीव्हीवर सकाळी निवडणूक पुढे ढकलली, संध्याकाळी पुन्हा मंगळवारीच ठरली. तिचे लोक म्हणाले माणसं मरतील, माझे म्हणाले लोकशाही मरेल. मी रेडिओबरोबर मान डोलावत होतो. मिलवॉकी शहरात एकशेऐंशी मतदान केंद्रं असतात, कामाला माणसं येईनात म्हणून त्यांतली पाच राहिली. मंगळवारी सकाळी मी जिन्यावर उभा राहून म्हणालो, आज गुडघा फार दुखतोय, मी काही जात नाही. ती आरशासमोर स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचं शिवलेलं फडकं तोंडाला बांधत होती. आरशातून तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की तिला कळलंय. गुडघा दुखत नव्हता. मी घाबरलो होतो. महिनाभर ज्याला सर्दीपडसं म्हणत होतो त्याला मी घाबरलो होतो, म्हणून घरी बसत होतो. हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "जाऊ नकोस" असं म्हणता आलं असतं. "आण तो कागद" असंही म्हणता आलं असतं, अजून सकाळच होती, टपालाची पेटी कोपऱ्यावर होती. मी तळघरात उतरलो. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि रेडिओ मोठा केला.

अडीच तासांहून जास्त वेळ ती हायस्कूलच्या बाहेर रांगेत उभी होती. मध्येच गारा पडल्या. आली तेव्हा केस डोक्याला चिकटलेले आणि कोटाच्या खिशात गारांचं पाणी. मी विचारलं, "गर्दी होती?" ती म्हणाली, "सूप गरम केलंस का?" नव्हतं केलं. तिनं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की तिचा तो सिनेटर शर्यतीतूनच बाहेर पडला. मला राहवलं नाही. "बसला की तुझा घोडा," मी म्हणालो. ती ब्रेडला लोणी लावत होती. "बसू दे," म्हणाली, "मी तर जाऊन आले." न्यायालयाच्या जागेचा निकाल मात्र पुढच्या सोमवारी आला आणि तिथं तिची बाजू जिंकली. तेव्हा ती मनापासून हसली. "वीस वर्षांत पहिल्यांदा माझं मत शाबूत राहिलं, नॉर्ब. तू घरी बसून लोकशाहीवर उपकार केलेस." आणि हसताहसता तिला खोकला आला. आम्ही दोघांनीही त्या खोकल्याकडे बघितलं नाही.

बुधवारी ताप, शुक्रवारी रुग्णवाहिका. अंतराळवीरासारखे कपडे घातलेली दोन पोरं तिला घेऊन गेली आणि मला म्हणाली, तुम्हाला येता येणार नाही. खुर्चीवर बसवून पायऱ्या उतरवताना ती मला म्हणाली, "खिडकीतल्या रोपांना रोज पाणी घाल, पण थोडंच. तू बुडवतोस." मग बारा दिवस मी फोनच्या पडद्यावर तिला बघितलं. नर्स फोन धरायची. शेवटचे सात दिवस ती बोलत नव्हती, नळी होती, आणि मी स्वयंपाकघरात बसून पडद्याशी बोलायचो. काय बोलायचो? रोपांबद्दल. पाच इंचांची झाली, सहा इंचांची झाली. सहीबद्दल बोललो नाही. नर्स ऐकत होती ना. परक्या बाईसमोर कसं बोलणार? एप्रिल संपायच्या आदल्या दिवशी ती गेली. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती आणि आम्ही नऊच भरलो.

त्या रांगेतच तिला आजार लागला असं कोणी सिद्ध करू शकत नाही. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलंय. पण मग दुसरी गोष्ट उभी राहते. त्याच आठवड्यात सिंकखालचा नळ गळत होता म्हणून मी दोनदा हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो, तोंडाला काही न बांधता, आणि काउंटरवरचा माणूस खोकत होता, आणि तिच्या आधी दोन दिवस मलाही कणकण होती. म्हणजे रांग नसेल तर मी, आणि रांग असेल तरी मीच. सुटायला दोन वाटा शोधल्या, दोन्ही माझ्याच दारात आल्या.

डेनीसचं मात्र ठरलेलं आहे. ती दर रविवारी चार वाजता फोन करते आणि दर रविवारी एकदा तरी म्हणते, "तुमच्या लोकांनी आईला मारलं, बाबा. साधा कागद तिच्यापर्यंत पोचू दिला नाही." मी भांडतो. कोर्टाचं काढतो, तिच्या पक्षानं आधी काय घोळ घातला ते काढतो, आकडे सांगतो. ती ओरडते, मी ओरडतो, एकदा तर तिनं फोन आपटला. आणि खरं सांगायचं तर त्या भांडणात मला बरं वाटतं. पक्षाच्या नावानं शिव्या खायला माणसाला काहीच लागत नाही. पक्ष केवढा मोठा असतो, कितीही दोष आत मावतो. 'कागद पोचू दिला नाही' हे ती बातम्यांतून उचलून बोलतेय असंच मी धरून चाललो होतो, कारण खरंच तेव्हा कितीतरी लोकांचे कागद आले नव्हते, पेपरात फोटो येत होते. मी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागलं असतं.

बाहेरून ओफेलिया ओरडली, "हात धुतोयस की आंघोळ करतोयस?" मी नळ बंद केला. बाहेर येऊन मागच्या पायऱ्यांवर बसलो, ती सहा फुटांवर घडीची खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर पुठ्ठा. कोरा कागद तिनं मला दोन्ही बाजूंनी दाखवला, जादूगार टोपी दाखवतो तसा. "बघितलास? आता तिकडे बघ. तुझ्या लोकांना एकही देणार नाही, म्हणजे तुला वाईट वाटायला नको." मी टोमॅटोकडे बघत बसलो. रोपं शेवटी मी बुडवली नाहीत, नुसती बुटकी राहिली. तिच्या पेनाचा कुरकुर आवाज येत होता, नावांपुढचा एकेक गोल भरत होती, आणि मधूनमधून बोलत होती. तिला गप्प बसून काही करता येत नाही.

"मला त्या दिवसाचं अजून आठवतं. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते. म्हटलं, फिलिस, अगं या हवेत कुठं निघालीस? म्हणाली, मत द्यायला. म्हटलं, तू तर टपालानं मागवलं होतंस ना? तर म्हणाली, आलंच नाही गं. मागवलं होतं, पण आलंच नाही." तिनं पुढचा गोल भरला. "माझं आलं होतं आठवडाभर आधी. एकाच गल्लीत, एकच पोस्टमन, आणि बघ. डेनीसलाही तिनं गाडीतून फोन करून तेच सांगितलं होतं, डेनीसच मला म्हणाली. फिलिस चिडली नव्हती जरासुद्धा. मीच चिडले पोस्टावर." मग तिनं मान वर केली. "नॉर्बर्ट, तुला ऊन लागतंय का? रंग बघ तुझा."

मी म्हटलं, नाही. तिनं कागद पाकिटात घातला, चिकटवला, खुर्चीच्या कडेवर ठेवून मागे सरली. मी पुढे झालो. साक्षीदाराची सही, आणि खाली पत्ता. हाच पत्ता, हेच घर. सही करायला मला चार सेकंद लागले असतील. ते चार सेकंद मला उठता-बसता पुरतील, मरेपर्यंत पुरतील. ओफेलिया म्हणाली, देव तुझं भलं करो, आणि संध्याकाळी मक्याचे तामाले पाठवते, आणि गेली.

मी पायरीवरच बसून राहिलो. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. आलंच नाही गं. ती गाडीत बसली, हीटर लावला, मुलीला फोन लावला आणि माझ्यासाठी खोटं बोलली. बाहेर थंडीत उभं राहायला निघालेल्या बाईनं पहिलं काम काय केलं, तर नवऱ्याला झाकलं. माझ्या नि मुलीच्या मध्ये ती एक भिंत बांधून गेली आणि मी तीन महिने त्या भिंतीच्या सावलीत बसून मुलीशी राजकारणावर भांडत होतो. मला तिचा राग आला. का बोललीस? सांगायचं होतंस पोरीला, तुझा बाप गाढव आहे म्हणून. तिनं मला फोन करून फाडून खाल्लं असतं, मी चिडून, लाजून गाडीमागे धावत गेलो असतो. कदाचित. आणि मग दुसरं मनात आलं, आणि ते आल्यावर मला उठवेना. तिनं मला झाकलं असं कशावरून? लाजही वाटली असेल. एकोणपन्नास वर्षं संसार करून नवरा सही देत नाही, हे शेजारणीला आणि पोटच्या मुलीला सांगायची लाज. मला वाचवायला बोलली की मी तिचा आहे हे लपवायला बोलली, हे आता कोणाला विचारू? दोन्ही असेल. फिलिसचं पुष्कळदा दोन्ही असायचं.

रविवारच होता, चार वाजता फोन वाजला. मी आत जाऊन घेतला. डेनीसनं औषधं विचारली, जेवण विचारलं. ओफेलियानं मतपत्रिका भरली असं मी म्हटलं आणि ती लगेच पेटली. "बघा! तिचा कागद वेळेवर येतो. आणि माझ्या आईचा कागद—"

नेहमी इथं मी मध्ये तोंड घालतो. आज घातलं नाही. ती थांबली, माझी वाट बघत. तिच्या घरात कुठंतरी कुत्रा भुंकत होता. मला वाटलं, गप्प राहिलो तर ते फिलिसनं ठेवलेलं राखल्यासारखं होईल. ही पोर एवढी एकच उरलीय माझी, दर रविवारी ओरडायला का होईना फोन करते. आता बोललो तर पुढच्या रविवारी चार वाजता काय होईल ते मला माहीत नाही. आणि न बोललो तर आयुष्यभर ती चुकीच्या माणसांवर रागावत राहील आणि मी तिला रागावू देत राहीन.

"डेनीस," मी म्हणालो, "कागद आला होता."

"काय?"

"तुझ्या आईचा. चोवीस मार्चला. खणात आहे अजून. साक्षीदाराची सही लागत होती, ती मी दिली नाही."

"दिली नाही म्हणजे? तुम्ही घरी नव्हता?"

"होतो. समोर बसलो होतो. कॉफी पीत."

कुत्र्याला कोणीतरी गप्प केलं, दार लागल्याचा आवाज आला, बहुधा ती दुसऱ्या खोलीत गेली. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखत होता. ती रडते आहे का ते मला ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतंही. फोन ठेवेल असं वाटलं. नाही ठेवला. आणि मग तिनं विचारलं. आवाज अगदी लहान होता, आठदहा वर्षांची असताना असायचा तसा. मला वाटलं होतं 'का' विचारेल. 'का'ची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ तयार होती.

"बाबा, आईनं कितीदा मागितली सही?"

आमच्या घरात वाढलेली पोर. तिला सगळं माहीत होतं.

"एकदाच," मी म्हणालो.